रिठ्याच्या पाण्यातली हवा

१२ जानेवारी, रविवार

आज आबांशी भांडण होता होता राहिलं. विषय काय, तर रिठे!

गल्लीतल्या पोरांसाठी बांधतोय त्या अभ्यासिकेच्या भिंती लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या, वर आल्या. नदीची वाळू कुठं मिळत नाही, सगळं काम क्रश सँडवर. तिला वाळू म्हणायचं एवढंच, खरं तर खडीचा चुरा. माल खरखरीत होतो, थापीवरून सरकत नाही, विटेला धरत नाही. बाकीचे मिस्त्री सरळ जास्तीचं पाणी ओततात. आबा तसं करत नाहीत. आबांच्या मालात रिठ्याचं पाणी, त्याचं पिंप कामावर रोज भरलेलं. आदल्या दिवशी रिठे भिजत घालायचे, सकाळी कुस्करून फेसाळ पाणी गाळायचं आणि माल कालवताना घालायचं. माल असा मऊ होतो की बघत राहावं. शिरड शहापुरापासून जवळा बाजारापर्यंत ‘पुंजाजी मिस्त्रीचा गिलावा’ म्हणून जे नाव आहे ते ह्याच पाण्याचं.

लहानपणापासून बघतेय, पण आज पहिल्यांदा इंजिनिअरच्या नजरेनं बघितलं आणि ओरडले — हे साबणाचं पाणी कशाला ओतताय? आबांनी थापी थांबवली. “तू शाळंत जायाच्या आधीपासून ओतून राहिलो आम्ही.” झालं.

मग घमेल्यातला माल बोटानं दाबून बघितला आणि डोक्यात उजेड पडला. डिप्लोमाच्या पुस्तकात अर्धं पान होतं ह्याच्यावर. हवा धरून ठेवणारी रसायनं. सर म्हणाले होते, आपल्याकडे बर्फ पडत नाही, हे ऑप्शनला टाका. आम्ही आनंदानं टाकलं.

जेवताना आबांना सगळं समजावून सांगितलं. रिठ्याच्या फेसामुळं मालात बारीक बारीक बुडबुडे अडकतात, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. ते वाळूच्या कणांमधून छर्‍यांसारखे फिरतात म्हणून माल सरकतो, पाणीही कमी लागतं. थंड मुलखात तर काँक्रीटमध्येही असली औषधं घालतात — रस्त्यात, पुलात — म्हणजे आतलं पाणी गोठून फुगलं तरी त्याला जागा मिळते. आबा भाकरी मोडत हूं हूं करत होते. माय चुलीपुढं. मला इतका आनंद झाला होता! माझ्या पुस्तकातलं अर्धं पान आमच्या घरात इतकी वर्षं भिजत पडलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

१३ जानेवारी

एसटीत उभ्यानं हिंगोली, नोकरीवर. दिवसभर मोरीच्या पुलाचं बिल तपासलं. लक्ष सगळं अभ्यासिकेत.

१९ जानेवारी, रविवार

अभ्यासिकेच्या समितीची बैठक विहारात. माणिकराव अध्यक्ष — पोस्टातून निवृत्त झालेत, आवाज अजून गावभर पोचतो. ठरलं: चौदा एप्रिलला उद्घाटन. जयंतीची मिरवणूक अभ्यासिकेच्या दारातून निघणार. मी म्हटलं, होईल. माणिकराव काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “सपना, बराबर होईल ना? का नुसतं म्हणून राहिली?” मी पुन्हा म्हटलं — होईल!

नोकरीत मी दुसर्‍यांच्या सहीखाली काम करते. इथं सही माझी. हिंगोलीतला ठेकेदार पगार देतो, इथं कोण काही देत नाही, तरी झोपेत मला ही खोलीच दिसते.

निता भेटली बैठकीनंतर. तलाठ्याची परीक्षा देतेय, दुसरी वेळ. घरात एकच खोली, त्यात भाऊ-भावजय आणि टीव्ही. विहाराच्या पडवीत पत्र्याखाली बसून अभ्यास करते, दुपारी पत्रा तापला की पुस्तक घेऊन सावलीमागं सरकत जाते. मला विचारते, “ताई, माझी खुर्ची खिडकीपाशी ठेवशील का गं?” ठेवीन म्हटलं. अजून स्लॅब पडला नाही आणि हिला खुर्ची हवी!

सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या प्लेटा-टेकूंचं, काम लालसिंगकडे. साखर्‍याच्या जवळच्या तांड्यावरचा. प्लेटा स्वतःच्या, माणसं स्वतःची, तोंडही स्वतःचं — सारखं चालू असतं.

२६ जानेवारी

सळई बांधून झाली. सगळे सांधे मी स्वतः तपासले. आबा म्हणाले, “सळईवर चढून नाचून बघतीस काय आता?” नाचलेच थोडी.

२ फेब्रुवारी, रविवार

स्लॅब पडला!!

पहाटे मिक्सर आला. अख्खी गल्ली कामावर. खाली मिक्सरवर माय आणि तिच्या बाया — खडी, चुरा, सिमेंट, पाणी, सगळं त्यांच्या हातचं. आमच्याकडं पद्धतच आहे, माल कालवणं बायांचं, गवंडी मालात हात घालत नाही. त्यानं फक्त थापी लावायची. आबा वर, मी वर. ते काँक्रीट सपाट करायचा रंधा घेऊन दिवसभर वाकलेले, जेवायलासुद्धा खाली उतरले नाहीत, मायनं भाकरी वर नेऊन दिली.

मिक्सरमधून निघालेले सुरुवातीचे घाणे फार खरखरीत होते. घमेल्यातून सुटेना, खालच्या बायांचे हात सोलून निघाले. लालसिंगची बडबड — “ताई, ये काँक्रीट हाय का खडीचा ढीग?” मी पाणी वाढवू दिलं नाही. ओरडले सगळ्यांवर. आणि मग तासाभरात काँक्रीट आपोआप सुधारलं! मऊ, सरकणारं, कोपर्‍यात आपलं आपण जाऊन बसणारं. मी म्हटलं, खालचा चुरा बरा निघाला. बाया गाणी म्हणायला लागल्या. उन्हं उतरायच्या आत काम संपलं.

शेवटी लोखंडी साच्यांमध्ये चाचणीचे ठोकळे भरले. वर बारीक बुडबुडे येत होते. केवढं गोजिरं काँक्रीट, असं मनात म्हटलं. हात दुखताहेत, पाय दुखताहेत. इतकं छान कधीच दमले नव्हते.

१० फेब्रुवारी, सोमवार

काहीतरी चुकलंय.

पाण्यातून ठोकळा काढला तर हातालाच हलका लागला. पुसला, बघितलं. सगळ्या बाजूंना बारीक गोल भोकं, अनरशाची जाळी असते तशी. हिंगोलीला पुलाच्या साइटच्या लॅबमध्ये दाबयंत्रात ठेवला. सात दिवसांच्या ठोकळ्यानं चौरस मिलिमीटरला तेरा न्यूटन तरी घ्यायला हवेत. साडेसहाला फुटला. दुसरा सहाला. फुटताना आवाजसुद्धा केला नाही, नुसता दबला.

लॅबवाला म्हणाला, मॅडम, यंत्र खराब असेल. पुलाचा ठोकळा लावून बघितला. यंत्र ठणठणीत आहे.

११ फेब्रुवारी

सिमेंट तपासलं. ताजं. चुरा तपासला. तोच तो. पाणी मी वाढवू दिलं नव्हतं. मग हवा आली कुठून?

हवा. हा शब्द कागदावर लिहिला आणि घमेल्यातला रिठ्याचा माल आठवला.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या आबांना विचारलं. चपला पण काढल्या नव्हत्या. आबा, खरं सांगा, स्लॅबमध्ये रिठ्याचं पाणी गेलं का?

ते चुलीकडं बघत राहिले. माय पाठमोरी, भाकरी थापायची थांबलेली. म्हणाले, “व्हय. म्याच टाकलं.”

काहून?

“बायांचे हात सोलून निघत व्हते. अन् तूच सांगितलं ना, काँक्रीटमंदी बी टाकत्यात म्हणून.”

मी सांगितलं! सांगितलंच होतं. थंड मुलखात घालतात, रस्त्यात, पुलात — केवढ्या तोर्‍यात सांगितलं. हे नाही सांगितलं की तिथं थेंब मोजून घालतात. हे नाही सांगितलं की हवा जितकी वाढेल तितकी ताकद उतरते. विटांच्या मालाला ती ताकद लागत नाही, तिथं हवा चालते. स्लॅबला चालत नाही. एवढी दोन वाक्यं सांगायची राहिली माझी, भाकरीच्या गडबडीत.

पण त्यांनी मला विचारायचं तरी! मी वर होते, चार पावलांवर. रागानं डोकं फुटायची वेळ आली. म्हटलं, आबा, तुमी विचारलं का न्हाई मला? ते म्हणाले, “चुकलं.” एवढंच. भांडलेसुद्धा नाहीत. आबा भांडत नाहीत म्हणजे काय ते मला कळेना.

१४ फेब्रुवारी

माणिकरावांना सांगितलं. त्यांनी आधी चहा मागवला, मग दुसरा मागवला. म्हणाले, “पोरी, स्लॅब तर उभा हाय.” उभा आहे कारण खाली लालसिंगचे टेकू आहेत. “मंग मधी दोन खांब देऊ.” नाही चालत काका! मधे खांब दिला की तिथं ताण वरच्या अंगाला येतो, आणि वरच्या अंगाला सळई नाही. तिथंच तडकेल. “मंग?” मंग काय. पुढचा शब्द त्यांनी स्वतःच ओळखला आणि कप खाली ठेवला.

अठ्ठावीस दिवसांचा आकडा येईपर्यंत थांबू म्हणाले. थांबू. पण मी नुसती बसणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

अंगणात तीन प्रकारचे ठोकळे भरले. एक साधा. एकात रिठ्याचं पाणी, अगदी चमच्यानं मोजून. एक स्लॅबच्या दिवशीसारखा. समितीला डोळ्यांनी दाखवल्याशिवाय पटणार नाही, आकडे सांगून लोक नुसती मान हलवतात.

आबा सकाळीच कुठंतरी निघून गेले. माय मदतीला बसली. मी म्हटलं, त्या दिवशी आबांनी नेमकं किती टाकलं असेल, अंदाज लावावा लागेल. माय म्हणाली, “दर घाण्याला तांब्याभर.”

तुला कसं ठाऊक?

“मी व्हते की मिक्सरपाशी.”

तिनं तिसरा घाणा स्वतः कालवला. फावड्यानं असा उलथापालथा केला की बघतच राहिले. ह्या वयात तिच्या मनगटात माझ्या दुप्पट जोर आहे. मधेच थांबून म्हणाली, “सपना, हे समदं लई वाईट झालं का गं?” मी म्हटलं, खोली पोरांच्या डोक्यावर पडण्याच्या आधी कळलं, एवढं बरं झालं. ती पुन्हा फावडं मारायला लागली.

१९ फेब्रुवारी

लालसिंगचा फोन. त्याला प्लेटा दुसर्‍या साइटवर हव्यात. “ताई, तुमारा स्लॅब हाय का मेरा लगन? कधी सोडायचं?” मी म्हटलं, एक टेकू जरी काढलास तर तुझ्या तांड्यावर येऊन तुला उचलून आणीन. हसला. म्हणाला, हसण्यावारी नेऊ नका ताई, मी पण संसार करून राहिलोय. तरी थांबतो म्हणाला. माणूस चांगला आहे, फक्त बंद होत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

माणिकराव आणि समितीचे चौघे हिंगोलीला आले, जीपमधून, इस्त्रीचे कपडे घालून. आबांना बोलावलं होतं. आले नाहीत. माय आली! कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, “मला बगायचंय.”

साधा ठोकळा यंत्रात ठेवला. काटा चढत गेला, चढत गेला, मग काडकन आवाज. काका दचकून मागं सरले. चमच्यावाला ठोकळा त्याच्या थोडा खाली फुटला. काका म्हणाले, “म्हंजी थोडं टाकलं तर चालतं?” चालतं, मोजून टाकलं तर आणि चाचणी केली तर. मग तिसरा. काटा जेमतेम निम्म्यापर्यंत गेला आणि ठोकळा भुसभुशीत होऊन पसरला. आवाज नाही, काही नाही.

माय पुढं झाली. यंत्राच्या पाटावरचा चुरा तिनं चिमटीत घेतला, बोटांनी चुरडला, हुंगला. आणि बाहेर जाऊन जीपमध्ये बसली.

काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. मला म्हणाले, “पोरी, आकडा येऊ दे. मंग सभा लावतो.” आवाज अगदी लहान झाला होता.

३ मार्च

अठ्ठावीस दिवसांचा आकडा आला. वीस हवेत. अकरा आले. मधल्या आठवड्यात स्लॅबमधून कापून काढलेल्या नमुन्यांचाही हिशेब तोच. आता कुणाला काही विचारायचं राहिलं नाही.

फोडायचा.

४ मार्च, मंगळवार

विहारात सभा. बायका, पोरं, म्हातारे — एवढी माणसं जयंतीलाच जमतात. मी उभी राहिले. घरी चार वेळा म्हणून बघितलं होतं. सांगितलं: स्लॅब कच्चा आहे. खाली पोरं बसणार आहेत. मी ह्याच्यावर सही करणार नाही. फोडावा लागेल.

गलका झाला. कुणी म्हणालं, सिमेंटवाल्यानं फसवलं. कुणी म्हणालं, पोरीला अनुभव न्हाई. एक जण तर म्हणाला, डिप्लोमावाल्यांपेक्षा आपला पुंजाजी बरा, त्याला विचारा, त्यो सांगंल!

आबा मागं दाराशी बसले होते. उठले. सगळं शांत झालं. “सिमेंटवाल्याचं काई न्हाई. पोरीचं बी काई न्हाई. रिठ्याचं पाणी म्या टाकलं. मला कळलं न्हाई, म्या टाकलं. फोडा.” आणि खांद्यावरचा पंचा झटकून निघून गेले.

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, म्हातारा सटकला. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण मीच तर फोडा म्हणाले होते! आबांच्या नावाचं जे काही झालं ते माझ्या तोंडून झालं. रडले, घरी येऊन, उशीत तोंड खुपसून. रडले तरी मत बदलणार नाही.

सभेत शेवटी निता उठली. ती कधी चारचौघांत बोलत नाही. म्हणाली, “मला परीक्षेची भीती वाटून राहिली, छपराची बी वाटावी का? फोडा अन् नवा करा. मी घमेलं उचलते.” ठराव पास झाला. सिमेंट घरोघरून पोत्यानं गोळा करायचं ठरलं.

५ मार्च

आबांनी थापी, रंधा, ओळंबा सगळं पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. म्हणाले, आता न्हाई धरायची.

९ मार्च, रविवार

फोडला.

माझ्या ठेकेदारानं ब्रेकर मशीन दिली, वर दोन माणसंही दिली. (काल त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, त्या परत घेते.) टेकू तसेच ठेवून वरून फोडत गेलो. मशीन टेकवली की काँक्रीट ढेकळासारखं सुटायचं. माणिकराव खाली उभे राहून बघत होते. एक ढेकूळ उचलून हातानं मोडलं त्यांनी. मग सगळ्यांना दाखवत फिरले — “बगा, बगा! पोरगी खोटं बोलत नव्हती.”

आबा रस्त्याच्या पलीकडं उभे होते. दिवसभर तिथंच. मी पाणी नेऊन दिलं. प्यायले. तोंडाकडं बघितलं नाही माझ्या.

माय ढिगारा उपसत होती. बाया म्हणाल्या, रुक्माबाई, जरा बस. बसली नाही. इतर सगळ्यांच्या आधी आली आणि सगळ्यांच्या नंतर गेली. बोटं फुटून रक्त आलं तरी घमेलं सोडेना. मी ओरडले तेव्हा म्हणाली, “माझं मला करू दे.”

१० मार्च

सर्दी, ताप, धूळ. कामावर गेले तरी.

१६ मार्च, रविवार

दुसरा स्लॅब. ह्या वेळी मी वर चढलेच नाही. वर जवळा बाजारचा मिस्त्री. मी खाली मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक घाणा डोळ्यांदेखत घातला. ह्या वेळी हिंगोलीहून कंपनीचं औषध आणलं होतं, माल सरकता करणारं पण हवा न धरणारं, मापाच्या पेल्यानं मोजून. काँक्रीट चांगलं चाललं. बायांचे हात वाचले. असं औषध पहिल्यांदाच आणलं असतं तर! पहिल्यांदा मला वाटलं होतं, कशाला उगाच, माणसं आहेत की ओढायला. हात माझे थोडेच सोलणार होते.

माय आज मिक्सरपाशी आली नाही. घमेल्यांच्या रांगेत उभी राहिली, अगदी शेवटी, नव्या पोरींच्यात. मी हाक मारली, तू इथं ये, घाणा तुझ्याइतका कुणाला जमतो! मान हलवली फक्त.

निता दिवसभर घमेली उचलत होती. संध्याकाळी हात दाखवला — आठ दिवस पेन धरता येणार नाही म्हणे. आणि हसली.

२४ मार्च, सोमवार

चौदा पॉइंट आठ!! सात दिवसांत! तेराच्या वर! लॅबमध्ये उडीच मारली. लॅबवाल्याला पेढा दिला. माणिकरावांना फोन केला तर ते म्हणाले, थांब, स्पीकरवर टाकतो, पुन्हा सांग. सगळ्या गल्लीला सांगितलं मी.

घरी आबांना सांगितलं. “बेस झालं,” म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले, दिसत होतं. पण लगेच कूस बदलली. पुंजाजी मिस्त्री दिवसाउजेडी कूस बदलून पडलाय, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. दोन लग्नघरांचा गिलावा त्यांच्याकडून काढून घेतला लोकांनी. रिठेवाला मिस्त्री म्हणतात आता. आधीही म्हणायचे, पण कौतुकानं.

६ एप्रिल, रविवार

लालसिंगनं टेकू काढले. एकेक काढताना स्वतः खाली उभा राहिला. “ताई, पडला तर आधी माज्या डोक्यावर पडंल, तुमी खुशाल बगा.” नाही पडला. तसूभर हलला नाही. चौदा तारखेला आठ दिवस आहेत आणि छत डोक्यावर आहे. मी म्हटलं होतं, होईल!

राहिला गिलावा. तो आबांनीच करायचा, हे मी ठरवलंय. बाहेरून मिस्त्री आणणार नाही. माळ्यावरचं पोतं खाली काढलं, ओळंबा पुसला, सगळं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, आबा, गिलाव्याला रिठे चालतात. मी स्वतः लिहून देते, सही करून. तुमच्याच हातचा गिलावा पाहिजे मला त्या भिंतींवर. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.

“न्हाई.”

तासभर बोलले. हात जोडले, चिडले, मग पुन्हा हात जोडले. “न्हाई म्हणलं ना पोरी. माझ्या हातचं आता कुणी घेत न्हाई अन् मी देत न्हाई.” पोतं उचलून पुन्हा माळ्यावर ठेवलं. बघू. मीही त्यांचीच पोरगी आहे. उद्या पुन्हा काढीन.

७ एप्रिल, सोमवार

एसटीला निघता निघता मायला म्हटलं, माझं ऐकत नाहीत, आता तूच सांग आबांना. ज्यानं चूक केली त्यानंच पुन्हा उभं राहायला पाहिजे.

माय दारात उभी राहिली, माझी वाट अडवून. म्हणाली, “त्यानं एक थेंब टाकला न्हाई, सपना. त्यो वर व्हता, त्याला ठावं बी नव्हतं. रिठ्याचं पाणी म्या टाकलं. मंग म्हणला, तू गप राहा, गवंड्याचं नाव गेलं तर जाऊ दे, तुझं कळलं तर तुला कुणी मालापाशी उभं करायचं न्हाई.”

माझी एसटी गेली. मी विचारलं, पण माय, तू काहून टाकलंस?

“तू जेवताना सांगत व्हतीस तवा तुझा बाप नुसता हूं हूं करून राहिला व्हता. ऐकून तर मी राहिले व्हते.”